मोडका दात वाचवायचा की काढायचा? करकंबहून पाहिलेलं ‘पोस्ट अँड कोअर’चं गणित

दात किडला, किडता किडता अर्ध्याहून जास्त मोडला आणि हिरडीच्या वर नुसता खुंट उरला. अशा वेळी घरातल्या बहुतेकांचा सल्ला एकच असतो : काढून टाक, कटकट मिटेल. पण दाताची मुळं शाबूत असतील, तर अशा खुंटावरही पुन्हा दात उभा करता येतो. त्यासाठीच्या उपचाराला दंतवैद्यकात ‘पोस्ट अँड कोअर’ म्हणतात.

हा उपचार नवा नाही. तरीही सध्या त्याकडे पाहायला दोन कारणं आहेत. पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत ठरवलं, की दातात भरली जाणारी पारामिश्रित ‘चांदी’ २०३४ पर्यंत वापरातून काढायची. भारत या करारात आहे. दुसरं कारण घराजवळचं आहे. महाराष्ट्रात आरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण रेशनकार्डाच्या रंगापलीकडे सर्वांसाठी खुलं झालं. मग दातांचं काय, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो.

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या मोठ्या गावातून पाहिलं, की या उपचाराचं विज्ञान आणि त्याचं अर्थकारण दोन्ही स्पष्ट दिसतात.

पोस्ट अँड कोअर म्हणजे नेमकं काय?

दाताचे दोन भाग असतात. हिरडीच्या वर दिसतो तो माथा आणि जबड्याच्या हाडात रुतलेलं मूळ. मुळाच्या आत बारीक नळी असते, तिच्यातून नस आणि रक्तवाहिन्या जातात. कीड नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू होतो. रूट कॅनल उपचारात ही नळी साफ करून गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं बंद करतात.

रूट कॅनलनंतर माथ्याच्या भिंती पुरेशा उरल्या असतील, तर दात भरून वर कॅप बसवली की काम होतं. पण माथाच उरला नसेल, तर कॅप धरून राहणार कशावर? तिथं पोस्ट येतो. नळीतला वरचा गटापर्चा काढून तिथं एक बारीक दांडी बसवतात, हा पोस्ट. हिरडीच्या वर आलेल्या तिच्या टोकाभोवती दाताच्या आकाराचा गाभा बांधतात, तो कोअर. आणि त्यावर कॅप.

नळी मात्र पूर्ण रिकामी करत नाहीत. मुळाच्या टोकाशी साधारण ४ ते ५ मिलिमीटर गटापर्चा ठेवावाच लागतो. तो निघाला तर जंतूंना खालून वाट मोकळी होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

कल्पना किती जुनी आहे? फ्रान्सचे पियेर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतवैद्यकावर ग्रंथ लिहिला. मुळात धातूची खुंटी बसवून तिच्यावर दात उभा करण्याची पद्धत त्यातही आहे. म्हणजे गोष्ट जवळपास ३०० वर्षांची आहे. बदलली ती साधनं.

पोस्टमुळे दात मजबूत होतो का?

नाही. आणि हाच सर्वात मोठा गैरसमज आहे.

‘आत सळई टाकली, आता दात लोखंडासारखा झाला’ असं रुग्णांना वाटतं. प्रत्यक्षात पोस्टचं काम एकच, कोअरला धरून ठेवणं. गोठ्याची मेढ रोवताना जसं असतं, तसंच इथं आहे. मेढ जितकी जाड, तितका खड्डा मोठा. मुळात जाड पोस्ट बसवायचा तर आतली भिंत कोरावी लागते आणि भिंत पातळ झाली की मूळच कमजोर होतं. म्हणून पोस्टची जाडी मुळाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, असा संकेत आहे. लांबी मात्र पुरेशी हवी. ती निदान वरच्या कॅपच्या उंचीइतकी असावी, असं मानतात.

अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात रूट कॅनल झालेले १,२७३ दात तपासले होते. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ या संशोधकांना दिसलं, की पोस्ट बसवल्यामुळे दात टिकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. फरक पडतो तो दाढा आणि उपदाढांवर कॅप बसवल्यामुळे. समोरच्या दातांत कॅपचाही तसा फायदा दिसला नाही, कारण तिथं चावण्याचा दाब वेगळ्या दिशेनं येतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. रूट कॅनल झालेल्या प्रत्येक दाताला पोस्ट लागत नाही. दाढेला तर बऱ्याचदा नाहीच लागत, कारण तिच्यातली मोठी पोकळी कोअरला धरून ठेवायला पुरते. पण दाढेला कॅप मात्र हवी.

दोन मिलिमीटरवर सगळं का अडतं?

खुरप्याच्या लाकडी मुठीत पातं जिथं घुसतं, तिथं लोखंडी कडं असतं. ते नसेल तर चार दिवसांत मूठ उभी चिरते. पण कडं बसायला आत धड लाकूड लागतं. लाकूडच कुजलं असेल तर कड्याचा उपयोग नाही.

दातातही हेच तत्त्व आहे. कॅपची कड हिरडीजवळच्या मूळ दाताला चहूबाजूंनी कवेत घेते. त्यासाठी दाताची धडधाकट भिंत सभोवार दीड ते दोन मिलिमीटर उंच उरलेली असावी लागते. इंग्रजीत या पट्ट्याला ‘फेरूल’ म्हणतात. पोस्ट कोणत्या कंपनीचा, कॅप झिरकोनियाची की धातूची, यापेक्षा हे दोन मिलिमीटर दाताचं आयुष्य ठरवतात.

तेवढी भिंत नसेल तर डॉक्टर हिरडी आणि थोडं हाड मागं सारून दात उघडा करू शकतात, किंवा तारेच्या मदतीनं मूळ हळूहळू वर ओढू शकतात. दोन्हीत वेळ जातो आणि खर्चही वाढतो. म्हणूनच दात मोडल्यावर वर्षभर थांबणं महागात पडतं. या काळात कीड हिरडीच्या खाली उतरते आणि वाचू शकणारा दात वाचवण्यापलीकडे जातो.

धातूचा पोस्ट की फायबरचा?

पूर्वी मुळाचा साचा घेऊन लॅबमध्ये धातूचा पोस्ट-कोअर एकसंध ओतून घेत. नंतर स्टील आणि टायटॅनियमचे तयार पोस्ट आले. १९९० च्या सुमारास फ्रान्समधून कार्बन फायबरचे पोस्ट पुढे आले. आज दवाखान्यांत पांढरे काचतंतूंचे पोस्ट सर्रास दिसतात.

फरक कडकपणाचा आहे. स्टील दाताच्या आतल्या थरापेक्षा साधारण दहापट ताठ असतं. जोराचा दाब आला की ते वाकत नाही, दाब मुळावर टाकतं. मूळ उभं चिरलं की दात काढण्याशिवाय इलाज उरत नाही. काचतंतूंचा पोस्ट दाताच्या जवळपास जाणारी लवचीकता दाखवतो. तो बिघडतो तेव्हा बऱ्याचदा सुटून येतो किंवा स्वतः मोडतो, मूळ वाचतं आणि काम पुन्हा करता येतं.

मग धातू वाईट का? तसंही नाही. नळी लांबट किंवा फार रुंद असेल, तर तिच्या मापाचा ओतलेला धातूचा पोस्ट अधिक नेमका बसतो. फायबरचा पोस्ट सिमेंटनं चिकटवावा लागतो आणि त्या वेळी लाळेचा थेंबही तिथं पोचता कामा नये. घाईत केलेलं फायबरचं काम निगुतीनं केलेल्या धातूच्या कामापेक्षा लवकर सुटतं.

‘चांदी’ बंद झाली तर कोअर कशाचा?

अनेक वर्षं दाढेतला कोअर चांदीनंच बांधला जायचा. दातात भरायची ही चांदी म्हणजे पारा आणि चांदी, कथील, तांबं यांचं मिश्रण. ती स्वस्त, दणकट आणि थोडी ओल चालवून घेणारी. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर जवळपास थांबवला आहे. आता जगासाठी २०३४ ही मुदत आहे.

निर्णयामागचं मुख्य कारण पर्यावरणाचं आहे. दवाखान्यातून सांडपाण्यात आणि कचऱ्यात जाणारा पारा थांबवायचा आहे. ज्यांच्या दातात चांदी आहे त्यांनी घाबरून ती काढून घेण्याची गरज नाही. उलट विनाकारण कोरून काढताना पाऱ्याची वाफ होते आणि दाताची भिंतही जाते.

पर्याय म्हणून कंपोझिट आणि ग्लास आयोनोमर आहेत. कंपोझिट कोअरसाठी चांगलं, पण ते महाग आणि ओलाव्याला नाजूक. त्याला प्रकाशाचं यंत्र आणि वेळ लागतो. ग्लास आयोनोमर सोपं आहे, पण फार मोडलेल्या दाताचा सगळा भार त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही. म्हणजे चांदी जाईल तशी ग्रामीण दवाखान्यात साहित्याची आणि प्रशिक्षणाची तरतूद वाढवावी लागेल. ती झाली नाही, तर स्वस्त पर्याय एकच उरेल : दात उपटणं.

करकंबच्या माणसाचं अडतं कुठं?

करकंबला ग्रामीण रुग्णालय आहे. उपजिल्हा रुग्णालयासाठी पंढरपूर साधारण २० किलोमीटर. तिथून सोलापूर आणखी सत्तरेक किलोमीटर. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि केगावला खासगी दंत महाविद्यालय आहे. पण राज्यातली जुनी सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. करकंबहून यातलं एकही जवळ नाही.

पण अंतरापेक्षा मोठी अडचण खेपांची आहे. दात काढायला एक खेप पुरते. वाचवायचा तर एक्स-रे आणि रूट कॅनल, मग पोस्ट आणि कोअर, मग कॅपचं माप, मग कॅप बसवणं. कॅप लॅबमध्ये तयार होते, तिला काही दिवस लागतात. काम बरं झालं तरी तीन-चार खेपा ठरलेल्या.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. चार खेपांसाठी चार दिवस बुडाले तर १,२४८ रुपये तिथंच गेले. त्यात एसटीचं भाडं आलं आणि सोबत कुणी आलं तर त्याचाही रोज बुडाला. उपचाराचा खर्च याच्यावर आणि तो काही हजारांत जातो. ऊसतोडीच्या किंवा द्राक्षछाटणीच्या हंगामात तर पैसे असूनही सुट्टी मिळत नाही.

यातूनच सर्वात जास्त नुकसान करणारी सवय पडते. रूट कॅनल झालं की ठणका थांबतो. ठणका थांबला की माणूस परत येत नाही. कॅप राहूनच जाते. आतून पोकळ झालेली दाढ मग कडक भाकरी किंवा शेंगदाणे खाताना उभी दुभंगते. रूट कॅनलचे पैसे गेले, दाढही गेली आणि गावात बोलवा होते की ‘रूट कॅनल टिकत नाही’. टिकत नाही ती अर्धी सोडलेली ट्रीटमेंट.

सरकारी योजनेत हे बसतं का?

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. म्हणजे इथल्या लोकांना या योजनेची ओळख जुनी आहे.

पण तिची बांधणी मुळात रुग्णालयात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे. तोंडाचा कॅन्सर किंवा अपघातात मोडलेला जबडा तिच्यात येतो. खुर्चीवर बसून करायचं नेहमीचं रूट कॅनल, पोस्ट-कोअर आणि कॅप या चौकटीत सहसा बसत नाही. खासगी आरोग्य विम्याचंही तसंच. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च अपघात सोडून वगळलेला असतो.

केंद्रानं २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या केंद्रांत दंत विभागासाठी मनुष्यबळ, यंत्रं आणि साहित्य यांना मदत देणं, हा त्याचा गाभा. खुर्ची आणि डॉक्टर आले तर दात काढणं आणि भरणं गावाजवळ होऊ शकतं. कॅपसाठी मात्र लॅब लागते आणि सरकारी साखळीतला सर्वात कच्चा दुवा तोच आहे. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत. दंतवैद्यांची संख्या कमी नाही, पण ते शहरांत एकवटले आहेत.

श्रीमंत देशांनी हे सोडवलं आहे का? अर्धवट. ब्रिटनच्या सरकारी सेवेत इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून कॅपच्या टप्प्याला रुग्णाला ३२६.७० पौंड द्यावे लागत होते, आणि सरकारी दरात काम करणारा डॉक्टर मिळणं ही तिथली नेहमीची तक्रार आहे. कॅनडानं कमी उत्पन्नाच्या आणि विमा नसलेल्या लोकांसाठी नवी दंत योजना आणली, पण कॅपसाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. दातांना ‘बाकीच्या शरीरा’पासून वेगळं काढण्याची सवय सगळीकडेच आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या दातांना कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे.

महाराष्ट्रात त्यात तंबाखूची भर पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. खेड्यांत अजूनही अनेक बायका मिश्रीनं दात घासतात. मिश्रीनं दात ‘पक्के’ होतात ही समजूत खोटी आहे. ती भाजलेली तंबाखूच असते. तिनं हिरड्या खाली सरकतात आणि मुळं उघडी पडतात. हिरडी आणि हाडच सैल झालं, तर त्या मुळात पोस्ट बसवून उपयोग होत नाही.

सोशल मीडियावरच्या दाव्यांचं काय?

‘रूट कॅनलमुळे कॅन्सर होतो’ : हा दावा शंभर वर्षं जुन्या एका कल्पनेवर उभा आहे. अमेरिकेतल्या वेस्टन प्राइस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे प्रयोग केले होते. पुढच्या नीट केलेल्या अभ्यासांत ते टिकले नाहीत. २०१८ मध्ये हाच दावा करणारा ‘रूट कॉज’ नावाचा माहितीपट आला आणि दंतवैद्यांच्या आक्षेपांनंतर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं तो काढून टाकला. त्याचे तुकडे मात्र अजून फिरतात.

‘जपानमध्ये दात उगवणारं औषध आलं’ : यात अर्धं सत्य आहे. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२४ मध्ये अशा औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. तिचा हेतू औषध सुरक्षित आहे का, हे पाहणं हा होता. पुढचं लक्ष्य आहे जन्मतःच काही दात नसलेले रुग्ण. किडून मोडलेल्या दाढेसाठी या औषधाची वाट पाहणं म्हणजे उरलेला दात घालवणं.

‘एका दिवसात फिक्स दात’ : जत्रेत, बाजारात बसणारे काही बिगरनोंदणीचे ‘दातवाले’ शेजारच्या चांगल्या दातांना प्लास्टिकच्या लुकणानं दात चिकटवतात. खाली कीड तशीच राहते, हिरडी सुजते आणि चांगले दातही जातात. अवजारं निर्जंतुक नसतील तर काविळीच्या विषाणूचा धोका वेगळा.

मग दात काढलेलाच बरा, असं कधी?

मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या वर भिंतच उरली नसेल, मूळ फार आखूड असेल किंवा हाड गळून दात हलत असेल, तर पोस्टवर पैसे घालवू नयेत. चांगला डॉक्टर हे स्पष्ट सांगतो.

पण काढल्यावर हिशोब संपत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात खाली किंवा वर सरकतो आणि चावणं एका बाजूवर येतं. ती जागा भरायला काढता-घालता दात, ब्रिज किंवा इम्प्लांट असे पर्याय आहेत. ब्रिजसाठी शेजारचे धड दात घासावे लागतात. इम्प्लांट चांगलं, पण खर्च सर्वात जास्त. म्हणून ‘काढणं स्वस्त’ हे फक्त पहिल्या दिवसापुरतं खरं असतं.

खुर्चीत बसण्याआधी काय विचारावं?

- दाताची भिंत सगळीकडून किती उरली आहे? कॅपला धरायला दोन मिलिमीटर मिळतील का?
- या दाताला पोस्ट लागणारच आहे का, की नुसत्या कोअरवर भागेल?
- पोस्ट कशाचा आणि तोच का?
- कॅपसकट एकूण खर्च किती आणि खेपा किती? त्या कमी करता येतील का?
- कॅप उशिरा बसवली तर तोवर काय काळजी घ्यायची?
- डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का?

पैसे एकदम नसतील तर तसं आधीच सांगावं. कॅपसाठी पैसे उरणार नसतील तर महागडा पोस्ट घेण्यापेक्षा साधा कोअर आणि धातूची कॅप हा व्यवहार जास्त शहाणपणाचा ठरू शकतो, विशेषतः न दिसणाऱ्या दाढेला.

पुढे काय?

पोस्ट अँड कोअर हा शेवटचा बांध आहे. पाणी त्याच्यापर्यंत येऊच नये, हे खरं काम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर आणि कीड थोपवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या तिन्हींना ना मोठी लॅब लागते, ना कॅप. हातअवजारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. वीज नसलेल्या शाळेच्या वर्गातही ती चालते.

करकंबसारख्या गावासाठी मागणी म्हणून तीन गोष्टी ठोस आहेत : ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी दंतवैद्य हजर असणं, शाळेतच लहान कीड भरणं, आणि जिल्ह्याच्या पातळीवर सरकारी दरात कॅप करून देणारी एक लॅब. तिसरी गोष्ट झाली, तर दाढ वाचवण्याचा निर्णय रुग्णाच्या खिशावर न ठरता तिच्या उरलेल्या भिंतीवर ठरेल.